विलगीकरण केंद्रांनी महासाथ आटोक्यात येते का?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं आहे: महासाथीत बहुतेकांना आजार सौम्यच होतो. मग त्यांना घरीच राहू द्यावं. वेगळी केंद्रं उभारून हजारो माणसं तिथं हलवल्यानं साथ खरंच आटोक्यात येते, की शासन काहीतरी करतंय हे दाखवण्यापुरताच तो खटाटोप असतो?

संसर्ग नियंत्रणाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. अशी केंद्रं उभी राहताना आणि चालताना आतून पाहिली आहेत. साथ आटोक्यात आणायला त्यांचा उपयोग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो उपयोग खाटांच्या आकड्यावर ठरत नाही. लक्षण दिसल्यापासून किती तासांत माणूस तिथं पोहोचतो आणि तो आपणहून येतो की शोधून आणावा लागतो, यावर ठरतो. उद्घाटनाच्या दिवशी खाटांच्या रांगांचे फोटो निघतात, या दोन गोष्टींचे निघत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष कमी जातं.

आधी घराचं बघू. कोविडच्या पहिल्या वर्षातले घरोघरच्या संसर्गाचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा बाधिताच्या घरातल्या साधारण 17 टक्के लोकांना लागण झाल्याचं दिसलं. जोडीदाराच्या बाबतीत हे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास होतं. ओमिक्रॉन आल्यावर घरातल्या संसर्गाचं एकूण प्रमाणच 40 टक्क्यांच्या पुढे गेलं. एकच संडास, एकच स्वयंपाकघर आणि रात्री बंद खिडक्या असलेल्या दोन खोल्यांत ‘वेगळं राहा’ हा सल्ला पाळायचा म्हटलं तरी पाळता येत नाही. शिवाय ज्याला ताप आहे त्याची सेवा कुणीतरी करणारच, आणि ती करणारा माणूस जवळ जाणारच. त्यात बेजबाबदारपणा काही नाही.

वुहानमध्ये जानेवारी 2020 मध्ये हेच झालं. रुग्णालयं भरली, सौम्य रुग्णांना घरी पाठवलं गेलं आणि कुटुंबंच्या कुटुंबं आजारी पडली. 5 फेब्रुवारीपासून तिथं क्रीडासंकुलं आणि प्रदर्शन केंद्रांमध्ये ‘फांगत्सांग’ नावाची तात्पुरती रुग्णालयं सुरू झाली. एकूण 16. त्यांत सुमारे 12,000 सौम्य आणि मध्यम रुग्ण राहून गेले आणि 10 मार्चला शेवटचं बंदही झालं. पण वुहानचं उदाहरण देताना एक पथ्य पाळायला हवं. त्याच काळात अख्खं शहर बंद होतं, घरोघरी तपासणी चालू होती. साथ ओसरण्याचं सगळं श्रेय या केंद्रांना देता येणार नाही. घरातली साखळी तोडण्यात आणि रुग्णालयातल्या खाटा गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, एवढं नक्की म्हणता येतं.

दक्षिण कोरियातल्या देगू शहराचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस तिथं नियमानुसार प्रत्येक बाधिताला रुग्णालयात भरती करायचं होतं. परिणाम असा की सौम्य लक्षणांचे लोक खाटा अडवून बसले, दोन हजारांवर लोक घरी वाट पाहत राहिले आणि त्यातले काही घरीच दगावले. मग रुग्णांची तीव्रतेनुसार चार गटांत वर्गवारी झाली आणि 2 मार्चला सौम्य रुग्णांसाठी पहिलं ‘निवासी उपचार केंद्र’ उघडलं. त्यासाठी नवी इमारत बांधली नाही. शासकीय आणि खासगी प्रशिक्षण संस्थांची वसतिगृहं घेतली. प्रत्येक केंद्राला एक रुग्णालय जोडून दिलं, त्याच रुग्णालयाचे डॉक्टर दिवसातून दोनदा विचारपूस करत आणि कुणाची तब्येत बिघडली तर त्याला कुठं न्यायचं हे आधीच ठरलेलं असे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या व्यवस्थेत आहे. केंद्राला घर आणि रुग्णालय यांच्या मधला दुवा होता आलं, तर त्याचा उपयोग होतो. दोन्हींपासून तुटून एकटं पडलं, तर लोकांना ते कोंडवाड्यासारखं वाटू लागतं.

आता थोडं जीवशास्त्र, कारण प्रत्येक रोगाला हे हत्यार सारखं लागू पडत नाही. कळीचा प्रश्न एकच: माणूस दुसऱ्याला संसर्ग कधी देतो, लक्षणं दिसण्याआधी की नंतर? देवीच्या रोगात पुरळ उठल्यावर संसर्ग पसरायचा, आणि पुरळ सगळ्यांना दिसायचे. म्हणून 1975 मध्ये बांगलादेशातल्या भोला बेटावर देवीच्या शेवटच्या रुग्णांपैकी एक लहान मुलगी सापडली, तेव्हा तिला घरातच वेगळं ठेवून दारावर चोवीस तास पहारा बसवला आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं लसीकरण केलं, तेवढं पुरलं. सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगात विषाणूचं प्रमाण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिखरावर जायचं. पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्ण वेगळा केला की बहुतेक संसर्ग टळायचा. सिंगापूरनं मार्च 2003 मध्ये तान तोक सेंग हे एकच रुग्णालय सार्ससाठी राखून ठेवलं. जगभरात 8,096 रुग्ण आणि 774 मृत्यूंवर ती साथ जुलै 2003 मध्ये थांबली, तीही लस नसताना.

कोविडचं तसं नव्हतं. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवतो. 2020 मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की सुमारे 44 टक्के संसर्ग लक्षणांच्या आधीच होऊन जातो. आता गणित करून पाहा. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण करतो असं धरलं, तर त्यातले 1.1 जण लक्षण दिसायच्या आधीच बाधित झालेले असतात. म्हणजे लक्षण दिसल्याच्या क्षणी प्रत्येक रुग्ण केंद्रात नेला, एकही सुटला नाही, तरी आकडा एकच्या खाली येत नाही आणि साथ हळूहळू वाढतच राहते. कोविडसारख्या रोगात नुसत्या रुग्णांचं विलगीकरण कधीच पुरणार नाही. त्याच्या जोडीला संपर्कातल्या लोकांचा शोध हवा, त्यांचं वेगळं अलगीकरण, म्हणजे लागण झाली की नाही हे कळेपर्यंत त्यांना इतरांपासून दूर ठेवणं, हवं, मास्क आणि मोकळी हवा हवी. पण याच गणिताची दुसरी बाजूही पाहा. अडीचवरून 1.1 च्या आसपास आलेला आकडा आणखी थोडा खाली ओढायला बाकीचे उपाय पुरे पडतात. एका फटक्यात एवढी घट करणारी साधनं, लस येईपर्यंत, आपल्या हातात फारशी नसतात.

आणि ही घट वेळेवर अवलंबून असते. लक्षण दिसलं, दोन दिवस अंगावर काढले, मग तपासणी, अहवालाला दोन दिवस, मग खाट मिळायला एक दिवस, असं झालं तर संसर्गाचा जोराचा काळ घरीच संपतो. त्यानंतर केंद्रात नेऊन साथीच्या दृष्टीनं जवळपास काहीच साधत नाही. नियोजनाच्या बैठकीत म्हणूनच माझा पहिला प्रश्न खाटांबद्दल नसतो. अहवाल किती तासांत येतो आणि तो आल्यावर गाडी किती तासांत दारात पोहोचते, हे मी आधी विचारतो.

खाटांचं गणित मात्र सोपं आहे. रोज 100 रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण 10 दिवस राहत असेल तर 1,000 खाटा लागतात. मुक्काम 20 दिवसांचा झाला तर 2,000. सुरुवातीला सगळीकडे दोन निगेटिव्ह अहवाल आल्याशिवाय सोडत नव्हते. त्यामुळे संसर्ग पसरवण्याच्या पलीकडे गेलेली माणसं आठवडे-आठवडे अडकून पडली. 27 मे 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं निकष बदलला: लक्षणं सुरू झाल्यापासून 10 दिवस, आणि वर किमान 3 दिवस लक्षणांविना. त्या एका परिपत्रकानं जितक्या खाटा मोकळ्या झाल्या तितक्या बांधायला कित्येक आठवडे गेले असते. याउलट, रुग्णसंख्या दर पाच दिवसांनी दुप्पट होत असेल, तर खाटा दुप्पट करून फक्त पाच दिवसांची उसंत मिळते. केंद्रं साथीच्या सुरुवातीला उघडावी लागतात. आलेख उभा चढू लागल्यावर कितीही तंबू ठोकले तरी ती साथीच्या मागेच धावत राहतात.

आता केंद्राच्या आत काय लागतं ते सांगतो, कारण खरी फसगत तिथं होते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: संशयित आणि पक्के बाधित यांना कधीही एकत्र ठेवू नये. पक्के बाधित एका दालनात एकमेकांशेजारी राहू शकतात, त्यांना तोच रोग आधीच झालेला आहे. संशयिताला मात्र प्रत्येकी स्वतंत्र खोली हवी, कारण त्यातल्या अनेकांना तो रोग नसतोच. साधा ताप घेऊन आलेला माणूस तिथल्या शेजाऱ्याकडून खरा रोग घेऊन गेला, तर केंद्रानंच साथ वाढवली असं होतं. जागा कमी पडू लागली की हाच नियम पहिल्यांदा मोडला जातो. ‘अहवाल येईपर्यंत एक रात्रच तर आहे’ असं कुणीतरी म्हणतं. त्या वेळी अडून बसणारा एक माणूस प्रत्येक केंद्रात असायला हवा, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार लेखी दिलेला हवा.

दुसरी गोष्ट हवा. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी ऋण दाबाच्या खोलीत, म्हणजे जिथली हवा दारातून बाहेरच्या मार्गिकेत जात नाही अशा खोलीत, ताशी 12 वेळा हवा बदलावी असा दंडक आहे. तसं झालं तर हवेतले 99 टक्के कण साधारण 23 मिनिटांत निघून जातात. ताशी दोनदाच बदलली तर त्यालाच सव्वादोन तासांहून अधिक लागतात. एवढी यंत्रणा सगळीकडे परवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास धीर देणारा आहे. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर तिथल्या वॉर्डांत ताशी सरासरी 28 वेळा हवा बदलत होती, आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत तर 40 वेळा. वातानुकूलित सभागृहापेक्षा जुनी, हवेशीर शाळा मी केव्हाही पसंत करेन. जागा पाहायला गेलो की मी उदबत्ती पेटवून दारात धरतो. धूर खोलीतून मार्गिकेत, म्हणजे कर्मचारी बसतात तिकडे वाहत असेल, तर खाटांची मांडणी उलटी करावी लागते किंवा पंख्यांची दिशा बदलावी लागते. हे काम पाच मिनिटांचं आहे. पण ते केलं नाही तर पुढं संरक्षक पोशाख (पीपीई) न घालता टेबलाशी बसलेले लोक आजारी पडतात, आणि त्यांना लागण कुठून झाली याचा उलगडा कुणालाच होत नाही.

तिसरी गोष्ट पोशाख उतरवण्याची जागा. घालण्याच्या खोलीत आरसा, तक्ते, सगळं व्यवस्थित असतं. उतरवण्याची जागा बहुधा जिन्याखाली, अरुंद, अंधारी. खरा धोका तिथंच असतो. माणूस चार-सहा तास काम करून दमलेला, घामानं निथळलेला, कधी एकदा मास्क काढतो असं झालेलं. आधी बाहेरचे हातमोजे, हात स्वच्छ, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, पुन्हा हात, चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, पुन्हा हात, आणि मास्क सगळ्यात शेवटी, तोही बाधित भागाच्या बाहेर आल्यावर. हा क्रम सहकाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि समोरच्यानं तेवढंच करायचं. पहिल्या आठवड्यात सगळे करतात. तिसऱ्या आठवड्यात वाचणारा गायब होतो. मी पाहणीला गेलो की आधी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. केंद्राची तब्येत तिथं कळते.

कर्मचारी हा विषय डॉक्टर आणि नर्सपुरता नाही. मेलबर्नमध्ये 2020 मध्ये परदेशातून आलेल्यांसाठी हॉटेलांत अलगीकरण केलं होतं. तिथून विषाणू बाहेर आला तो मुख्यतः कर्मचाऱ्यांमार्फत, विशेषतः कंत्राटी सुरक्षारक्षकांमार्फत. अपुरं प्रशिक्षण, तात्पुरती नोकरी, आणि पोटासाठी एकाहून जास्त ठिकाणी काम. चौकशीत दिसलं की दुसऱ्या लाटेतल्या 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांची मुळं तिथं सापडतात. केंद्राच्या भिंतीतून रोज ये-जा करणारा प्रत्येक जण, म्हणजे सफाई कामगार, जेवण आणणारा, पहारेकरी, हा त्या भिंतीचाच भाग असतो. त्याला एकाच ठिकाणी काम, पूर्ण पगार, आजारपणाची पगारी रजा आणि नियमित तपासणी मिळत नसेल तर भिंतीला भोक आहे असंच धरावं.

लंडनमध्ये एप्रिल 2020 मध्ये प्रदर्शन केंद्रात काही दिवसांत अवाढव्य रुग्णालय उभं राहिलं. गरज पडली तर 4,000 खाटांपर्यंत वाढवता येईल असं. पहिल्या लाटेत तिथं पन्नासच्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. जागा होती, यंत्रं होती, पण अतिदक्षता विभागातली नर्स दहा दिवसांत तयार होत नाही. खाटा उभारायच्या आधी त्या खाटांशेजारी कोण उभं राहणार याची नावानिशी यादी हवी.

देखरेखीबद्दल थोडक्यात. सौम्य रुग्ण सौम्यच राहील असं नसतं. कोविडमध्ये बिघाड बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुरू व्हायचा आणि दम लागल्याचं रुग्णाला जाणवायच्या आधीच रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असायचा. ठरलेल्या वेळी ऑक्सिमीटर, सहा मिनिटं चालवून पुन्हा ऑक्सिमीटर, ठरलेल्या आकड्याखाली गेलं की चर्चा न करता हलवायचं. रात्रीची फेरी चुकवायची नाही. घरी राहिलेल्या रुग्णाला जे मिळत नाही ते हेच, आणि केंद्रात येण्याचं सगळ्यात पटण्यासारखं कारणही हेच आहे.

आता विश्वास. यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

ऑगस्ट 2014 मध्ये लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया इथल्या वेस्ट पॉइंट वस्तीत, लोकांना न विचारता, एका शाळेत इबोलाच्या संशयितांसाठी केंद्र उघडलं. 16 तारखेला जमावानं ते फोडलं, रुग्ण पळून गेले, गाद्या लोकांनी उचलून नेल्या. 20 तारखेला सगळ्या वस्तीलाच सैन्याचा वेढा पडला, गोळीबार झाला, एक किशोरवयीन मुलगा मेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. त्या काळात इबोला केंद्रांभोवती आत काहीच दिसणार नाही अशी कुंपणं असत. माणूस आत जाई, आणि बाहेर येई ती बंद पिशवीतली प्रेतं. अशा ठिकाणी आपल्या आईला कोण पाठवेल? नंतर ठिकठिकाणी कुंपणं बुटकी आणि जाळीची झाली. सुरक्षित अंतरावर नातेवाइकांना बसायला जागा केली गेली, बऱ्या झालेल्या रुग्णांना सगळ्यांसमोर निरोप देण्याची पद्धत पडली. 2018 पासून काँगोमधल्या साथीत तर ‘क्यूब’ नावाच्या पारदर्शक खोल्या वापरात आल्या. बाहेरून हातमोज्यांच्या छिद्रांतून उपचार करता येतात, आणि आईला मुलाचा चेहरा दिसतो. मला हा वैद्यकीय शोधच वाटतो, कारण त्यामुळे लोक लवकर येतात, आणि लवकर येण्यावरच सगळं अवलंबून आहे हे वर सांगितलंच.

दुसरा अडथळा पोटाचा. इस्रायलमध्ये 2020 च्या सुरुवातीला लोकांना विचारलं गेलं, संपर्कात आलात तर वेगळं राहाल का? बुडालेल्या कमाईची भरपाई मिळणार असेल तर 94 टक्के हो म्हणाले. भरपाई नसेल तर हो म्हणणारे 57 टक्क्यांच्या खाली आले. सक्तीच्या आदेशानं जितके लोक येतील त्याहून जास्त भरपाईच्या हमीनं येतात, आणि ते लपत नाहीत. जिथं पोलीस दारात येऊ लागतात तिथं लोक आधी तपासणी टाळू लागतात, आणि मग रुग्णसंख्या कमी दिसते, प्रत्यक्षात साथ वाढत असते.

मुलांच्या बाबतीत तर तडजोड नको. शांघायमध्ये 2022 च्या वसंतात बाधित लहान मुलांना आई-वडिलांपासून वेगळं ठेवलं गेलं. लोकांचा संताप इतका झाला की काही दिवसांत धोरण शिथिल करावं लागलं. आई किंवा वडील सोबत राहतील, लागण होण्याचा धोका समजून घेऊन राहतील, हे पहिल्या दिवसापासून नियमात लिहिलेलं असावं. तसंच बायकांसाठी वेगळे, आतून कडी लागणारे संडास, झोपायच्या दालनात रात्री विझवता येणारे दिवे, फोन चार्ज करायची सोय, आणि ‘मी कधी सुटणार’ याचं तारखेसह उत्तर.

एका गोष्टीची गल्लत होऊ देऊ नका. माणसं आत कोंडून दार लावणं म्हणजे विलगीकरण नव्हे. तैपेईतलं होपिंग रुग्णालय 24 एप्रिल 2003 ला सार्समुळे अचानक सील झालं. सुमारे हजारभर रुग्ण, कर्मचारी आणि नातेवाईक एकत्र अडकले आणि आत संसर्ग पसरत राहिला. ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर फेब्रुवारी 2020 मध्ये 3,711 लोकांपैकी 712 बाधित झाले. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, पण त्यांना जेवण देणारे कर्मचारी एकत्र राहत, एकत्र काम करत होते.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नावर माझा व्यवहारी सल्ला असा. ज्याच्या घरी हवेशीर स्वतंत्र खोली आहे, वेगळा संडास आहे, घरात वयस्कर किंवा दुर्धर आजाराचं कुणी नाही आणि रोज कुणीतरी वैद्यकीय विचारपूस करणारं आहे, त्याला घरी राहू द्यावं. बाकी सगळ्यांसाठी केंद्र हा हक्क म्हणून उपलब्ध असावा. फुकट, घराजवळ, आणि आल्या दिवसापासून भरपाईसह. सक्ती करावीच लागली तर ती कायद्यानं, ठरावीक मुदतीसाठी आणि अपील करता येईल अशीच. आणि संसर्ग इतका पसरला असेल की रोजच्या रुग्णांचा एक लहानसा हिस्साच केंद्रात मावतो, तर सगळ्यांना कोंबण्याचा हट्ट सोडावा. तेव्हा केंद्रातल्या खाटा दाट वस्तीतल्या, एकट्या राहणाऱ्या आणि घरात जोखमीचं माणूस असलेल्या रुग्णांसाठी राखाव्यात. इमारत कधी परत करायची याचा आकडाही, म्हणजे सलग किती दिवस किती टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या असल्या की बंद, हा उघडण्याच्या आदेशातच लिहावा. शाळा घेतली असेल तर मुलं तिची वाट पाहत असतात.